रोजच्या कामातली पवित्रता: वऱ्हाडातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी

लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय देवाच्या लोकांनी पवित्र व्हावे या आज्ञेने सुरू होतो आणि नवव्या वचनातच शेतात उतरतो. पीक काढताना शेताच्या कडा साफ खरडू नयेत, खाली पडलेले वेचू नये, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावा, असे तिथे सांगितले आहे. पुढे चोरी, खोटे बोलणे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवणे, बहिऱ्याला शिव्या देणे, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवणे, न्याय करताना मोठ्याचे तोंड पाहणे, चहाड्या करत हिंडणे आणि मनात डूख धरणे यांची मनाई येते. म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहावे, परदेशी माणसाला आपल्यातलाच समजावे, काटा आणि माप खरे ठेवावे, हेही त्याच अध्यायात आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा येशूने सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये गणली, ती मूळची याच अध्यायातली. पवित्रतेचा विचार या अध्यायापासून सुरू केला, तर ती देवळापुरती किंवा रविवारपुरती ठेवता येत नाही.

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावात, किंवा तालुक्यातल्या कोणत्याही कापूसपट्ट्यातल्या गावात, या अध्यायाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी काटा लागतो, बायांची गाठोडी एकेक करून टांगली जातात, आणि ज्याच्या हातात काटा त्याच्याच हातात त्यांची दिवसभराची कमाई असते. ‘मापात पाप’ ही म्हण ख्रिस्ती माणसाने शब्दशः घ्यावी. वजनातला वरचा अर्धा किलो सोडून देणे, कापूस ओला म्हणून मनाला येईल तेवढी तूट धरणे, हिशेब ‘कापूस विकला की’ या बोलीवर ढकलत राहणे, या गोष्टी इतक्या अंगवळणी पडतात की करणाऱ्याला त्यात पाप दिसतच नाही. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मात्र सांगतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते. घरी कितीही प्रार्थना झाली तरी तिने ही ओरड बुजत नाही.

म्हणून ज्याच्याकडे शेत आहे त्याने आधी काटा तपासून घ्यावा. वजन मजूर बाईला दिसेल असे करावे, आकडा तिच्यासमोर वहीत लिहावा आणि चुकाऱ्याचा जो दिवस ठरला असेल तो पाळावा. हाती पैसा नसेल तर ते वेचणी लावण्याआधी सांगावे, म्हणजे यायचे की नाही हे तिला ठरवता येईल. सालदार ठेवलेला असेल तर वर्षाच्या अखेरीस उचलीचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. तो शिकलेला नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे. शेत बटईने दिले असेल तर वाट्याचा आणि खर्चाचा हिशेब पेरणीआधीच ठरवावा. मजुरी करणाऱ्याचीही बाजू आहे. गाठोड्यात पाणी मारणे, माती किंवा कवडी कापूस मिसळणे ही त्याच मापातली खोट आहे. शेतमालकाने बाजारात तेच केले तरी फरक पडत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याची मूळ मर्यादा ८ टक्के आणि कमाल मर्यादा १२ टक्के असते. त्या आकड्यांच्या आतबाहेर बरीच हातचलाखी करता येते, आणि ख्रिस्ती शेतकऱ्याने ती न करणे म्हणजे रोख पैसा सोडणे होय. इथे पवित्रतेची किंमत रुपयांत मोजता येते. खेडा खरेदी करणाऱ्या ख्रिस्ती व्यापाऱ्याला तर यातले प्रत्येक वाक्य दुपटीने लागू आहे.

सरव्याचा नियमही आजच्या शेतात बसतो. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या वेळेवर काढून टाकाव्यात, असा कृषी विभागाचा सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. तो पाळूनही शेवटच्या वेचणीनंतर शेत मोडण्याआधी एक-दोन दिवस सरव्यासाठी मोकळे ठेवता येते. तुरीच्या खळ्यावर सांडलेले, सोयाबीन काढल्यावर पडून राहिलेले दाणे गावातली एखादी एकटी म्हातारी वेचायला आली, तर तिला हाकलू नये. रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचायला आली होती आणि दाविदाच्या, पुढे येशूच्या, वंशावळीत तिचे नाव लागले.

धुरा हा आणखी एक विषय. दरवर्षी नांगरताना एक-दोन तास धुऱ्यात घालणे आणि शेजाऱ्याची हद्द हळूहळू खाणे, यावरून विदर्भात भावाभावांच्या पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. अनुवाद आणि नीतिसूत्रे या दोन्ही पुस्तकांत पूर्वजांनी घातलेली हद्द सरकवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेताला मिळते त्यांच्यासाठी पाण्याच्या पाळीलाही हाच न्याय.

कृपा आधी, आचरण मागून

इतके वाचून पवित्रता म्हणजे नियमांची लांबलचक यादी असे वाटू शकते. ख्रिस्ती शिकवणीत क्रम उलटा आहे. देव माणसाला त्याच्या पुण्याईवर स्वीकारत नाही. ख्रिस्ताच्या मरणामुळे आणि पुनरुत्थानामुळे, केवळ कृपेने स्वीकारतो. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय हे सांगून लगेच जोडतो की माणसाला चांगल्या कामांसाठी नव्याने घडवले आहे. स्वीकार आधी आणि बदल मागून होतो. पहिल्याला नीतिमान ठरणे आणि दुसऱ्याला पवित्रीकरण म्हणतात. पवित्रीकरण पवित्र आत्मा करतो, पण माणसाला बाजूला बसवून करत नाही. फिलिप्पैकरांस पत्रात तारण भीतीने व कंपाने साधून घेण्याची सूचना आणि देवच आत काम करतो हे आश्वासन अशी दोन्ही वाक्ये एकाला एक लागून येतात, आणि यांतले एकच धरणारा माणूस लवकरच थकतो किंवा सैल पडतो.

हा बदल या जन्मी कुठवर जातो, याबद्दल मंडळ्यांत मतभेद आहेत. जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज उपदेशकाने ‘ख्रिस्ती पूर्णता’ शिकवली. देवावरच्या आणि माणसांवरच्या प्रीतीने मन इतके भरून जावे की जाणूनबुजून पाप करण्याला त्यात जागा उरू नये, असे त्याचे म्हणणे होते. या पूर्णतेत अज्ञान, चुकीचा अंदाज, आजार किंवा मोह संपत नाहीत, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे लिहिले. १७६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात हा खुलासा वारंवार येतो. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांच्या परंपरेतल्या मंडळ्या म्हणतात की झगडा मरेपर्यंत चालतो. कॅथलिक शिकवणीत संस्कार, प्रार्थना आणि सत्कृत्ये यांतून कृपेची वाढ होत राहते. मतभेद कुठवर आणि केव्हा यांबद्दल आहे. उद्या सकाळी खोटे बोलायचे की नाही, याबद्दल या सर्वांचे उत्तर एकच आहे.

वऱ्हाडाचा वारसा

पवित्रतेचा आग्रह धरणाऱ्या मंडळ्या वऱ्हाडात जितक्या एकवटल्या तितक्या महाराष्ट्रात क्वचितच दुसरीकडे आढळतील. यवतमाळ जिल्ह्यात काम करणारी फ्री मेथॉडिस्ट मंडळी वेस्लीच्या परंपरेतली. ती १८६० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली. गुलामगिरीला विरोध आणि देवळातल्या बाकांचे भाडे बंद करणे या तिच्या ठळक भूमिका होत्या. त्या काळी श्रीमंत कुटुंबे पुढचे बाक पैसे देऊन राखून ठेवत आणि गरीब मागे बसत. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्या भेदभावाला झोडपले आहे, तो हाच. या मंडळीचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ साली बुऱ्हाणपूरला पोहोचले आणि पुढे यवतमाळ हे कामाचे मुख्य ठाणे झाले. बुलढाणा आणि वाशीमकडे काम करणारी नाझरीन मंडळीही पवित्रता चळवळीतूनच निघाली. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल तिचेच. अकोला-खामगाव भागातल्या अलायन्स मंडळीच्या शिकवणीत ख्रिस्त तारणारा आहे तसाच पवित्र करणाराही आहे, यावर भर असतो. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत देशभरातले तरुण पाळक होण्याचे शिक्षण घ्यायला या कापसाच्या गावात येत असत.

कॅथलिक बाजूनेही असाच धागा सापडतो. नागपूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काम करणारे धर्मगुरू संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव लावणाऱ्या संघाचे होते. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस यांच्या ग्रंथाचा गाभा असा की भक्ती ही मठातल्यांची मक्तेदारी नाही. कारागीर, सैनिक, विधवा, संसारी बाई या प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला साजेशी असावी, आणि जी भक्ती माणसाच्या कर्तव्याची नासाडी करते ती खोटी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली हीच गोष्ट साऱ्या कॅथलिक मंडळीची शिकवण म्हणून मांडली. तान्ह्या मुलाला रडत ठेवून दोन तास गुडघ्यावर बसणाऱ्या आईला फ्रान्सिस यांनी आधी मुलाला घ्यायला सांगितले असते.

दिवसाची घडी

वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे उठते, स्वयंपाक करून डबा बांधते आणि सकाळीच शेताची वाट धरते. तिला एक तासाच्या ध्यानाचा उपदेश करणे निरर्थक आहे. दहा मिनिटे पुरतात, पण ती ठरलेली हवीत. चूल किंवा गॅस पेटवण्याआधी एक छोटा उतारा, त्यावर थोडा विचार, दिवसातल्या एखाद्या अवघड माणसाचे किंवा कामाचे नाव घेऊन प्रार्थना, इतके झाले तरी पुरे. वाचनाची सुरुवात मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांपासून, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापासून, करावी. कवी नारायण वामन टिळकांना नागपूर-राजनांदगाव रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. पुढे फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे तीन अध्याय एका बैठकीत संपवू नयेत. रोज पाच-सहा वचने घेऊन तीन आठवडे पुरवावेत.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गाणे हेच शास्त्र. टिळकांनी तुकारामांच्या वाटेवरून ख्रिस्ताकडे जाता येते हे ओळखले होते, म्हणून त्यांनी अभंगाचा साचा घेतला, आणि त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात आहेत. घरात संध्याकाळी एक पद म्हणण्याची रीत असेल तर आजीबाईला आणि लहान मुलाला एकाच वेळी शिक्षण मिळते. मोबाइलवर वचन ऐकण्याची सोय आता आहे. तिचा उपयोग जरूर करावा, पण ऐकताना हातात दुसरे काम नसावे.

रात्रीची पाच मिनिटे सकाळइतकीच महत्त्वाची. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत कोणत्याही मंडळीतल्या माणसाला वापरता येते. आधी दिवसात मिळालेल्या चांगल्या गोष्टींसाठी उपकार मानावेत. मग आपला दिवस खरा दिसावा म्हणून प्रकाश मागावा. सकाळपासूनचे बोलणे-वागणे ओळीने आठवावे, जिथे चुकले तिथे क्षमा मागावी आणि उद्यासाठी एकच नेमकी गोष्ट ठरवावी. एका वेळी एकच दुर्गुण धरावा हा इग्नेशियस यांचाच सल्ला आहे, आणि तो पाळला जात नाही म्हणूनच बहुतेकांचे संकल्प आठवड्यात विरतात. राग हा विषय घेतला असेल तर महिनाभर तोच. ‘उद्या चांगले वागेन’ असे ठरवून काही साधत नाही. ‘जाऊबाईने टोमणा मारला तरी उत्तर देणार नाही’ असे ठरवले तर रात्री त्याची तपासणी करता येते.

जिभेला वेगळा वेळ द्यावा लागतो. गाव लहान असले की प्रत्येकाची प्रत्येक गोष्ट माहीत असते, आणि प्रार्थनेच्या निमित्तानेही चहाडी करता येते. अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा असे म्हणत तिची सगळी कहाणी सांगितली जाते. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याची परवानगी नसेल तर नाव न घेता प्रार्थना करावी. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर खरा की खोटा हे माहीत नसताना पुढे पाठवणे हे खोटी साक्ष देण्याच्याच घरचे आहे, मग तो मजकूर चमत्काराचा असो की छळाच्या बातमीचा.

सोवळे आणि पवित्रता

भारतीय मनात पवित्रता म्हटले की शिवाशिव आठवते. काय खाल्ले, कोणाच्या हातचे घेतले, कोणाला स्पर्श झाला, यांवर शुद्धता ठरते. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने हात धुण्याच्या वादातून हा हिशेबच मोडला. माणसाला बाहेरून आत जाणारे विटाळत नाही, मनातून बाहेर येणारे विटाळते, आणि त्याने दिलेल्या यादीत लोभ, कपट, मत्सर, शिवीगाळ आणि अहंकार आहेत. त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात तो कुष्ठरोग्याला हात लावतो. अचलपूरजवळच्या कोठारा इथले कुष्ठरोग रुग्णालय त्याच स्पर्शातून उभे राहिलेले काम आहे.

नारायण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ या मुद्द्यावर वाचण्यासारखी आहेत. कर्मठ घरात वाढलेल्या या बाईने नवरा ख्रिस्ती झाल्यावर बरीच वर्षे आपले सोवळे सांभाळले. ते सुटले ते कोणाच्या उपदेशाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला, आणि मग कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण हा मोठा बदल त्याआधीच झाला होता. ख्रिस्ती घरांतही लग्न जुळवताना जुनी जात विचारली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पवित्रतेची भाषा बोलणाऱ्या मंडळीला हा डाग शोभत नाही, आणि पाळकांनी व्यासपीठावरून त्याचे नाव घेऊन बोलावे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी होती, आणि तिचा मोठा भाग मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या बाजूंना आहे. बाभुळगावसारख्या भागात ख्रिस्ती घर बहुतेक वेळा एकटे असते. शेजारी हिंदू, बौद्ध, मुसलमान, आणि नातेवाईकही निरनिराळ्या श्रद्धांचे असतात. अशा ठिकाणी वेगळेपण म्हणजे तुटून राहणे असा अर्थ घेतला की घर कडवट होते. शेजारच्या मयताला खांदा द्यावा, लग्नात राबावे, गावाच्या विहिरीच्या आणि शाळेच्या कामात वर्गणी द्यावी. पूजेच्या प्रसादाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्रातले आठवा ते दहावा हे अध्याय नीट वाचावेत. पौल तिथे मूर्तिपूजेत भाग घेऊ नये असे सांगतो, पण कोणी जेवायला बोलावले तर पुढ्यात आलेले चौकशी न करता खावे असेही सांगतो. हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तरच त्याच्या विवेकासाठी थांबावे. नाही म्हणायची वेळ आली तर ते हात जोडून, थोडक्यात म्हणावे. शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करून कोणी पवित्र होत नाही.

कर्ज, देणे आणि व्यसन

वेस्लीने १७४३ साली आपल्या अनुयायांसाठी जे सामान्य नियम लिहिले, त्यांत फेडता येण्याची शक्यता नसताना कर्ज काढू नये आणि उधारीवर माल उचलू नये असा नियम आहे. यवतमाळ जिल्ह्यात हा नियम सांगताना फार जपून सांगावा लागतो. पाऊस, भाव आणि बियाणे यांपैकी एकही शेतकऱ्याच्या हातात नाही, आणि कर्जाने खचलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी इथे जीव दिला आहे. पेरणीचे कर्ज हे पाप नाही. थकलेल्या माणसाला ‘विश्वास कमी पडला’ असे सुनावणे हे मात्र क्रूर आहे, आणि ज्या मंडळीत असे बोलले जाते तिथे तो माणूस पुन्हा येत नाही. नियम लावायचा तो लग्नातल्या मंडपाला, बँडला, मोठ्या गाडीला आणि शेजाऱ्याच्या बरोबरीला. मंडळीतल्या दोन घरांनी कमी खर्चात लग्न केले तर तिसऱ्याला धीर येतो. खचलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसावे, बँकेत त्याच्यासोबत जावे, आणि जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर ती हसण्यावारी न नेता त्याला एकटे सोडू नये व जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावे.

देणगीचेही वेळापत्रक शेतीला धरून असावे. पगारदाराला महिन्याचा दशांश जमतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून एक-दोनदा येतो, म्हणून त्याने पीक विकल्याच्या दिवशीच देवाचा वाटा काढावा. कापणीच्या सणाला धान्य, भाजी, कोंबडी आणण्याची जुनी रीत यासाठीच आहे. मजुराने दहावा भाग देण्यासाठी मुलाचे औषध थांबवू नये.

खर्रा आणि दारू यांबद्दल वऱ्हाडातल्या या मंडळ्या पहिल्यापासून कडक आहेत, आणि त्यांचा कडकपणा बरोबर आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात पानटपरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचला आहे. त्याने तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोग होतो. तो खिशात बाळगणाऱ्या माणसाला पवित्रतेवर बोलण्याआधी तो टाकावा लागेल. दारूच्या बाबतीत प्रार्थनेबरोबर औषधोपचारही हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर हातपाय थरथरणे, भ्रम, झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. म्हणून सोडण्याची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवावी. दारूड्या नवऱ्याची मार खाणारी बायको सोसत राहिली म्हणजे ती पवित्र, ही शिकवण शास्त्रात नाही. तिला सुरक्षित जागी नेणे हे मंडळीचे काम आहे.

चुकल्यावर

योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय सांगतो की आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो. पडणे गृहीत धरलेले आहे, आणि उठण्याची वाटही घालून दिलेली आहे. कॅथलिक माणूस धर्मगुरूसमोर पापनिवेदन करतो. प्रोटेस्टंट माणसाने याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला सल्ला घेऊन एखाद्या विश्वासू बंधूपाशी किंवा भगिनीपाशी बोलावे. पण पश्चात्ताप तोंडापुरता राहू नये. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नुकसानीची रक्कम परत करून वर पाचवा भाग जास्त देण्याचा नियम आहे, आणि जक्कयाने तर चौपट परत करण्याची तयारी दाखवली. खाल्लेला धुरा परत सोडावा, कमी दिलेली मजुरी जास्तीसह द्यावी, ज्याच्यावर खोटा आळ घेतला त्याच्या घरी जाऊन तो मागे घ्यावा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायानुसार भाऊ रुसलेला असताना अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जायचे असते. प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात हे काम उरकावे.

उलट टोकाची माणसेही असतात. त्यांना आपले प्रत्येक पाऊल पापाचे वाटते, क्षमा मागूनही समाधान होत नाही, मग ती उपवास वाढवत जातात. अशांना आणखी नियम देऊ नयेत. झोप, जेवण आणि एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्याची सोबत द्यावी. नुसते नियम पाळून मन शांत होत नाही. पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली मोठे धार्मिक जागरण झाले, शेकडो मुली रडत प्रार्थना करू लागल्या. त्याच मुक्तीत शेती, विणकाम आणि छापखाना यांचे काम रोज चालत होते, आणि रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले.

आठवड्याची बैठक

एकट्या घराला हे सगळे जड जाते. वेस्लीच्या अनुयायांत १७४२ साली ब्रिस्टलला एक गोष्ट जवळजवळ अपघाताने घडली. उपासनागृहाचे कर्ज फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, आणि बारा-बारा जणांमागे एक वसुली करणारा नेमला. तो घरोघरी फिरू लागला तेव्हा कोण भांडतो, कोण पितो, कोण आजारी आहे हे कळू लागले. वेस्लीने लगेच ओळखले की पैशापेक्षा ही भेट मोलाची आहे. पुढे या गटांच्या बळावर मेथॉडिस्ट चळवळ उभी राहिली.

पाळक महिन्यातून एकदा येत असेल अशा गावांत हीच पद्धत सर्वांत उपयोगी आहे. शेजारच्या दोन-तीन गावांतली चार घरे आठवड्यातून एका संध्याकाळी एकत्र जमावीत. बाजाराचा दिवस सोडून वार ठरवावा आणि वेचणीच्या हंगामातही तो मोडू नये. पद, एक उतारा, मग प्रत्येकाने आपल्या आठवड्याबद्दल थोडक्यात बोलावे: कुठे मोह झाला, कुठे देवाची मदत कळली, कोणाशी बिनसले आहे. दुसऱ्याच्या आठवड्याबद्दल बोलू नये. बायका आणि पुरुष वेगळे बसले तर अधिक मोकळे बोलतात. तिथे ऐकलेले बाहेर गेले तर बैठक संपली असे समजावे. म्होरक्या शिकलेला असण्याची गरज नाही. तो हिशेबाला चोख आणि तोंडाला घट्ट असावा. तासाभरात उठावे, चहापलीकडे खाण्याचा खर्च ठेवू नये, म्हणजे गरिबाच्या घरीही पाळी येऊ शकते. चार घरे नसतील तर दोन घरांनी सुरू करावे, आणि पुढच्या रविवारची वाट न पाहता याच आठवड्यात वार ठरवावा.